कोकणातले घरगुती पदार्थ: नाव, लेबल आणि पाकीट यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सिंधुदुर्गात लहान उत्पादकांसाठी लेबलं आणि पाकिटं करते. आगळ (कोकमाचा खारवलेला रस), आमसुलं, फणसपोळी, आंब्याचं साठ (रस वाळवून केलेली पोळी), कुळथाची पिठी, मालवणी मसाला, काजू हे नेहमीचे पदार्थ. येणाऱ्यांत बचत गटातल्या काकी असतात, बागायतदार असतात आणि मुंबईची नोकरी सोडून गावी परतलेली मुलंही असतात. प्रश्न मात्र बहुतेक सारखेच असतात. फोनवर पुन्हा पुन्हा दिलेली उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत.

हाताशी पैसे थोडे आहेत. आधी लोगो करून घेऊ की पाकीट?

दोन्हींच्या आधी एक गोष्ट करा, तिला पैसे लागत नाहीत. तुमचा पदार्थ कशाने बिघडतो ते कागदावर लिहा. ओल लागून बिघडतो, उजेडाने रंग जातो, हवेने खवट होतो, फसफसतो, की नुसता प्रवासात मोडतो? उत्तर बहुधा घरातल्या वडीलधाऱ्या बाईला तोंडपाठ असतं. पावसाळ्यात आमसुलाची बरणी उघडायची नाही, मसाल्याच्या डब्यात हिंगाचा खडा ठेवायचा, साठ उन्हात पुरतं सुकल्याशिवाय उचलायचं नाही. पाकिटाला जे काम करायचं आहे ते या सांगण्यातच आहे. लोगो सुंदर असला आणि आत पिठीला जाळी धरली, तर ते गिऱ्हाईक परत येत नाही. शिवाय लोगो पुढच्या वर्षी बदलता येतो.

मग कुठल्या पदार्थाला कसलं पाकीट घ्यावं?

आमसुलात मीठ असतं आणि मीठ हवेतली ओल ओढतं. म्हणून जूनमध्ये आमसुलं पाझरायला लागतात. साध्या पातळ पिशवीतून थोडी थोडी ओल आत जातच राहते. जाड, दोन-तीन थरांचं लॅमिनेटेड पाउच घ्या. झिप असली तरी तिच्या वरच्या बाजूला गरम सील हवंच. नुसती झिप हवाबंद नसते.

मालवणी मसाल्याची गोष्ट वेगळी. त्यातली सुगंधी तेलं साध्या प्लॅस्टिकमधून बाहेर पडतात. पाकीट न फोडताही कपाटभर मसाल्याचा वास येतो तेव्हा लोकांना कौतुक वाटतं, पण तो वास मसाल्यातून कायमचा गेलेला असतो. मिरचीचा लाल आणि हळदीचा पिवळा रंग उजेडाने फिका पडतो, त्यामुळे पारदर्शक पाकीट किंवा मोठी खिडकी मसाल्याला नको. आतून चंदेरी थर असलेलं मेटलाइज्ड पाउच घ्या. दुकानदार म्हणतो, माल दिसला पाहिजे. रंग दाखवायचाच असेल तर पुढच्या बाजूला चांगला फोटो छापा.

फणसपोळी आणि साठ चिकट असतं, वड्या एकमेकींना धरतात. मध्ये बटर पेपर घाला आणि पाकिटात हवा कमीत कमी ठेवा. कुळथाच्या पिठीचे शत्रू ओल आणि किडे. कुळीथ भाजून पूर्ण गार झाल्यावरच पीठ भरा. कोमट पीठ भरलं तर आतल्या आत वाफ धरते आणि दोष उगीच पाकिटाला लागतो. काजूला हवा नको, नाहीतर तेल खवट होतं. चकली-शंकरपाळ्यांचंही तेच, वर त्या मोडतातही, म्हणून त्यांना पाकिटापेक्षा कडक डबा बरा.

सील नीट झालंय का हे बघायची घरगुती पद्धत: भरलेलं पाकीट पाण्याच्या बादलीत बुडवून हलकेच दाबा. बुडबुडे आले तर सील गळतंय. प्रत्येक घाण्यातली दोन-चार पाकिटं अशी तपासा.

आगळ काचेच्या बाटलीत भरावं की प्लॅस्टिकच्या?

काचेला चव लागत नाही, ती दिसतेही छान. पण ती जड आहे, फुटते आणि कुरिअरचा खर्च वाढवते. गावात आणि प्रदर्शनात विकणार असाल तर काच घ्या. पार्सलने पाठवणार असाल तर खाद्यपदार्थांसाठीची पेट (PET) प्लॅस्टिकची बाटली घ्या. सरबत गरम भरत असाल तर मात्र साधी पेट बाटली आकसते आणि वाकडी होते, तेव्हा विकत घेतानाच गरम भरायची आहे असं सांगा.

बाटलीपेक्षाही झाकण महत्त्वाचं. आगळात भरपूर मीठ आणि भरपूर आंबट, दोन्ही लोखंड खाणारे. पत्र्याचं झाकण काही महिन्यांत गंजतं आणि तो गंज बाटलीच्या तोंडाशी उतरतो. झाकण प्लॅस्टिकचंच घ्या, आत सील असलेलं.

आता लेबलचा मुद्दा, जो मी चूक करून शिकले. आगळ खारं असतं, ते सोलकढी आणि आमटीसाठी. अमृत कोकम म्हणजे साखर घातलेलं सरबत. कोकणात हे कुणाला सांगावं लागत नाही, म्हणून मी एका गटाच्या आगळाच्या बाटलीवर फक्त ‘कोकम आगळ’ एवढंच ठळक लिहिलं होतं. पुण्याच्या एका बाईंनी ते सरबत समजून पाहुण्यांना पाण्यात घालून दिलं. त्यांचा फोन आला तेव्हा मला फार वाईट वाटलं, कारण चूक त्यांची नव्हती. तेव्हापासून मी नावाखालीच लिहिते: ‘खारं. सोलकढी व आमटीसाठी.’ आणि मागे चार ओळींत सोलकढीची कृती.

आणखी एक. बाटलीत आगळ जवळजवळ काळं दिसतं, शाईसारखं. तो सुरेख गुलाबी रंग नारळाच्या दुधात मिसळल्यावरच येतो. म्हणून बाटलीवर काळपट लेबल लावू नका. पांढरं किंवा साईच्या रंगाचं लेबल आणि त्यावर सोलकढीची गुलाबी वाटी, एवढ्याने लांबूनही कळतं.

खाकी कागदाचं पाकीट पारंपरिक दिसतं. तेच घेऊ का?

खाकी कागद आज सगळेच वापरतात, त्यामुळे तुमचा माल त्या रांगेत हरवतो. शिवाय कोकणाचा आणि त्या कागदाचा काही संबंध नाही. कागद ओल थांबवत नाही, आत प्लॅस्टिकचा थर असतोच. मग ते पाकीट पर्यावरणाला बरं म्हणून विकणंही खरं नाही. कागद आवडत असेल तर जरूर घ्या, पण आतला थर किती जाड आहे हे आधी विचारा.

पूर्वी पानात, करंडीत, बरणीत बांधून देत. ते परत आणता येईल का?

काही ठिकाणी नक्की. चिनीमातीची बरणी आणि तोंडाला बांधलेला दादरा, हापूसची लाकडी पेटी आणि त्यातलं भाताचं पिंजर, केळीच्या पानात गुंडाळलेली वडी, ही सगळी विचार करून केलेली वेष्टनं होती. पिंजर आंब्याला धक्क्यापासून वाचवतं आणि हवा खेळती ठेवतं. दादऱ्यामुळे बरणीत धूळ जात नाही.

पण ही वेष्टनं कमी अंतराची आणि कमी दिवसांची होती. पानात बांधलेला पदार्थ त्याच दिवशी खायचा असे. आज साठ चार महिने टिकवायचं असेल तर पान बाहेरून, शोभेला म्हणून ठेवता येतं, पदार्थाला चिकटून नाही. भेटीच्या खोक्यांसाठी बांबूची करंडी फार छान दिसते, आणि बुरूडकाम करणाऱ्या घरात चार पैसे जातात. माझ्या मते त्यासाठी गिऱ्हाईक आनंदाने थोडे जास्त देतं.

वर्तमानपत्राची पुडी मात्र पूर्ण बंद करा. छपाईची शाई पदार्थात उतरते आणि खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधायला २०१८च्या पॅकेजिंग नियमांनी मनाई केली आहे.

नाव काय ठेवावं?

‘कोकण’, ‘मालवणी’, ‘मेवा’, ‘स्वाद’ आणि ‘गृहउद्योग’ यांतले दोन शब्द जोडून केलेली नावं मी इतकी पाहिली आहेत की कुठलं कुणाचं ते मलाच आठवत नाही. अशा वर्णनात्मक नावाला ट्रेडमार्क मिळणंही कठीण, कारण ते शब्द सगळ्यांचे आहेत.

घरातल्या शब्दांकडे बघा. वाडीचं नाव, घराण्याचं जुनं नाव, परसातल्या झाडाचं नाव, आजीला सगळे जी हाक मारायचे ती. ‘रातांबा’ हा एकटा शब्द किती सुंदर आहे. पण कोकमाच्या मालाला तो फळाचंच नाव ठरतो, म्हणून त्याला स्वतःचं काहीतरी जोडा. नाव फोनवर सांगून बघा. पलीकडच्या माणसाने एकदा ऐकून बरोबर लिहिलं तर ते चांगलं.

ट्रेडमार्कसाठी माल वर्गवारीने नोंदवतात: लोणची आणि टिकवलेली फळं वर्ग २९, मसाले आणि पिठं वर्ग ३०, सरबतं वर्ग ३२. वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे आणि नोंदणी १० वर्षांची असते, पुढे नूतनीकरण करता येतं. अर्जाआधी ट्रेडमार्कच्या संकेतस्थळावर नाव शोधून बघा, तो शोध फुकट आहे. दोन हजार लेबलं छापून झाल्यावर नाव दुसऱ्याचं निघालेलं मी पाहिलं आहे.

लेबलवर ‘हापूस’ किंवा ‘सिंधुदुर्ग कोकम’ लिहिलं तर चालतं का?

ही भौगोलिक मानांकनं (जीआय) आहेत, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालासाठी राखलेली नावं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीचं कोकम आणि वेंगुर्ल्याचा काजू यांना २०१६ साली मानांकन मिळालं, हापूसला २०१८ साली, तेही रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. गोव्यात फेणीला २००९ साली मिळालं होतं, बेबिंकाला २०२३ साली.

मानांकन समूहाचं असतं. मानांकनाचा हक्काने वापर करायचा आणि त्याचं चिन्ह लावायचं, तर त्या मानांकनाखाली ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतःची नोंदणी करावी लागते. अर्ज चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात जातो. अनेक बागायतदारांना वाटतं, आपला गाव जिल्ह्यात आहे म्हणजे झालं. तसं नाही. ही नोंदणी जरूर करा. परराज्यातला आंबा ‘हापूस’ म्हणून विकला जातो याची आपण सगळेच तक्रार करतो, पण ती तक्रार वजनाने मांडायची तर आपल्या पेटीवरचं नाव आधी कागदोपत्री आपलं हवं.

कायद्याप्रमाणे लेबलवर काय काय हवं?

दोन कायदे एकत्र बघावे लागतात: अन्नसुरक्षेचा आणि वजनमापांचा. ‘आम्ही घरी करतो, आम्हाला कशाला’ हे खरं नाही. लहान उत्पादकालाही एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागते आणि तिचा १४ आकडी क्रमांक चिन्हासह छापावा लागतो.

बाकी यादी अशी: पदार्थाचं नाव, घटक, वजनाने सर्वांत जास्त असलेला आधी या क्रमाने, शाकाहारी-मांसाहारी चिन्ह, पोषणमूल्यं, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, प्रति ग्रॅम किंमत, बॅच क्रमांक, तयार केल्याची आणि मुदत संपण्याची तारीख, साठवणुकीची सूचना, बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल. काही पदार्थांना आणि अगदी लहान पाकिटांना यातल्या काही गोष्टींची सूट असते. आपल्याला कुठली लागू पडते ते नोंदणीच्या वेळीच विचारून घ्या.

लोक बहुतेकदा तीन ठिकाणी चुकतात. शाकाहारी चिन्ह म्हणजे हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका, आणि त्याचं माप ठरलेलं आहे. पुढची बाजू १०० चौरस सेंटीमीटरपर्यंत असेल तर ठिपका किमान ३ मिलिमीटर आणि चौकोनाची बाजू किमान ६ मिलिमीटर. सुक्या मासळीसारख्या मांसाहारी पदार्थाला तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण लागतो, जुना तपकिरी ठिपका आता चालत नाही. दुसरी चूक तारखेची. ‘अमुक महिन्यांपर्यंत उत्तम’ एवढंच पुरत नाही, मुदत संपण्याची तारीख स्पष्ट लिहावी लागते. तिसरी म्हणजे ॲलर्जीची सूचना. शेंगदाणे, काजू, गहू, दूध, सोयाबीन, मासे, कोळंबी यांपैकी काही असेल तर ते वेगळं सांगायला हवं. वड्याच्या पिठात गहू असतो, हे आपल्याला माहीत असतं, विकत घेणाऱ्याला नसतं.

घरचा पत्ता आणि फोन छापायला गटातल्या बायकांना संकोच वाटतो, आणि तो योग्यच आहे. पत्ता टाळता येत नाही. पण फोनसाठी गटाचं वेगळं सिम घ्या आणि ते गटातल्या एकीच्याच ताब्यात ठेवा.

सगळं लेबल मराठीतच केलं तर?

मराठी जरूर ठेवा, मोठी ठेवा. पण कायद्याने लागणारी माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असावी लागते, मराठी त्याच्या जोडीला चालते. मी पुढची बाजू पूर्ण मराठी ठेवते, फक्त पदार्थाचं नाव लहान इंग्रजीत. मागे कायद्याचा मजकूर इंग्रजीत आणि कृती मराठीत. जागा पुरते.

‘घरगुती’, ‘शुद्ध’, ‘पारंपरिक’, ‘औषधी’ हे शब्द वापरता येतात का?

विचार करून वापरा. २०१८च्या जाहिरात आणि दाव्यांच्या नियमांनी या शब्दांना अटी घातल्या आहेत. ‘पारंपरिक’ म्हणायचं तर ती कृती पिढ्यानपिढ्या फारशी न बदलता चालत आलेली असावी. ‘घरी केलेलं’ असं म्हणून ग्राहकाची दिशाभूल होत असेल तर ते चालत नाही. शेडमध्ये यंत्रावर दळलेला मसाला घरगुती नसतो, मग पाकिटावर नऊवारीतल्या आजीचं चित्र असलं तरीही. ब्रँडच्या नावातच ‘नॅचरल’ किंवा ‘प्युअर’सारखा शब्द असेल आणि त्याने गैरसमज होण्यासारखा असेल, तर हे फक्त ब्रँडचं नाव आहे, असा खुलासा किमान ३ मिलिमीटर अक्षरात छापावा लागतो.

रोग बरा होण्याचे दावे तर अजिबात नकोत. कोकमाने वजन उतरतं, नाचणीने मधुमेह जातो, असं लिहिणं बेकायदा आहे. एखाद्या आजारी माणसाने त्यावर विश्वास ठेवून गोळी थांबवली तर काय होईल, याचाही विचार करा.

विशेषणाच्या जागी माहिती लिहा. ‘शुद्ध आणि अस्सल आमसूल’ यापेक्षा ‘रातांब्याची साल रसात भिजवून, मीठ लावून, पुन्हा पुन्हा उन्हात सुकवलेली’ हे वाचायला चांगलं आणि खरंही. फणसपोळीवर ‘बरक्या फणसाची’ (म्हणजे मऊ, रसाळ गऱ्यांच्या फणसाची) एवढंच टाकलं की जाणकार माणूस थांबतो.

टिकण्याची मुदत किती लिहू? शेजारच्या गटाने ६ महिने लिहिली आहे.

त्यांची मुदत त्यांच्या पदार्थाची आणि त्यांच्या पाकिटाची. तुमच्या अंतिम पाकिटात भरलेला माल बाजूला ठेवा, दर पंधरवड्याला एक पाकीट फोडा, वास, रंग, चव लिहून ठेवा. हे पावसाळा धरून करा, उन्हाळ्यात केलेली चाचणी कोकणात उपयोगाची नाही. जोडीला मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्या. म्हैसूरची सीएफटीआरआय (केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था) आणि मुंबईत अंधेरीला असलेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग या संस्था याच कामातल्या आहेत. मग जेवढे महिने माल चांगला राहिला त्यापेक्षा थोडी कमीच मुदत छापा.

संगणकावर बरोबर दिसणारी मराठी छापून आल्यावर तुटलेली का असते?

हा माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. पाकिटावरची मराठी चुकलेली दिसली की मला तो पदार्थच उपरा वाटतो.

कारणं दोन असतात. जुने फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखे चालणारे, नसतात. एका संगणकावरून दुसऱ्यावर फाइल गेली की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं येतात. दुसरं, डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय चालू केलेली नसते. इलस्ट्रेटरमध्ये परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडावा लागतो, नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि वेलांटी चुकीच्या अक्षरापाशी जाते. ‘किनाऱ्यावरचं’ या शब्दातला आडवा र बघा, तो हमखास ‘किनार्यावरचं’ होऊन येतो. छपाईला देण्याआधी मजकुराचे आउटलाइन करा, म्हणजे अक्षरांचे आकार पक्के होतात, आणि तो मराठी नीट येणाऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या. छापखान्यातल्या मुलाला मराठी वाचता येतंच असं नाही.

मराठी ल आणि श यांची वळणं हिंदीतल्यांपेक्षा वेगळी आहेत. राज्य सरकारने २००९ साली वर्णमालेचा जो आदेश काढला त्यातही मराठी वळणंच दिली आहेत. बऱ्याच फॉन्टमध्ये मुळात हिंदी वळण येतं, मराठी वेगळं निवडावं लागतं. टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट मराठीसाठीच केलेला आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे फॉन्टही चांगले आहेत. तिन्ही विनामूल्य आहेत आणि व्यवसायासाठी वापरता येतात.

ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडा, वर मात्रा आणि खाली उकार असतात. फार बारीक देवनागरीत अक्षरांची पोटं शाईने भरतात, म्हणून कृती लहान करण्यापेक्षा दोन वाक्यं कमी करा. इंग्रजी अक्षरांना वर शिरोरेषा ओढून देशी रूप देणं मला पटत नाही. आपल्याकडे खरी देवनागरी असताना नकलेची गरज काय?

चित्र काय घालावं? वारली घालू का?

वारली चित्रकला पालघर जिल्ह्यातल्या वारली समाजाची आहे आणि तिला स्वतःचं भौगोलिक मानांकन आहे. सिंधुदुर्गाच्या आमसुलावर ती का असावी? आपल्याकडे पिंगुळीची चित्रकथी (चित्रं दाखवून गोष्ट सांगायची कला) आहे, सावंतवाडीची गंजिफा (हाताने रंगवलेले खेळाचे पत्ते) आणि रंगीत लाकडी फळं आहेत. त्यांचा आधार घेणार असाल तर कलाकाराकडून चित्र काढून घ्या, मोबदला द्या आणि पाकिटावर त्याचं नाव घाला. इंटरनेटवरून उचललेलं चित्र ही चोरीच आहे.

नाहीतर पदार्थाकडेच बघा. चिरलेला रातांबा, त्यातल्या बिया, पाटावर पसरलेलं साठ, सालीसकट फणसाचा गरा. मी मागच्या मे महिन्यात एका काकींच्या अंगणात बसून सुकत घातलेल्या सालींची रेखाटनं केली आणि लेबलवर तीच वापरली. काकींच्या नातीने लांबूनच ओळखलं, ‘ही आमची आमसुलां.’

पाउचवर थेट छपाई करावी की स्टिकर लावावा?

सुरुवातीला स्टिकरच. पाउचवरच्या मोठ्या छपाईला प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर करावा लागतो आणि माल शेकडो किलोंनी घ्यावा लागतो. मजकुरात एक चूक निघाली किंवा पत्ता बदलला की सगळं वाया. कोरं पाउच आणि त्यावर स्टिकर यात पाचशे नगांपासून काम होतं. तेलकट, ओल्या मालाला कागदी क्रोमो स्टिकर नको, तो तेल पितो आणि पावसात सुटतो. प्लॅस्टिक फिल्मचा घ्या. आणि लेबलचा रंग खऱ्या पाउचवर, दिवसाच्या उजेडात बघितल्याशिवाय होकार देऊ नका.

बारकोड लागतोच का?

प्रदर्शनात आणि गावच्या दुकानात नाही. मोठ्या दुकानांना आणि ऑनलाइन विक्रीला लागतो. तो जीएस१ इंडियाकडून घ्या, आकडे ८९० पासून सुरू होतात. काळ्या रेघा पांढऱ्यावर छापा. लाल रेघा स्कॅनरला दिसत नाहीत, आणि कोकमाच्या लेबलवर डिझायनरला लालच सुचतो.

पाकिटाचा खर्च किमतीत कसा धरायचा?

एक उदाहरण. समजा २०० ग्रॅम कुळथाच्या पिठीला कच्चा माल ३० रुपये, मजुरी १२, पाउच आणि स्टिकर ९, वाहतूक ४ आणि नासधूस २, असे ५७ रुपये लागले. छापील किंमत ९५ ठेवली आणि दुकानदाराला २५ टक्के दिले तर तुमच्या हाती ७१ रुपये २५ पैसे येतात, सुटतात १४ रुपये २५ पैसे. प्रति ग्रॅम किंमत ०.४८ रुपये अशी छापायची. मजुरीच्या खात्यात शून्य लिहून ‘परवडतं’ म्हणणाऱ्या बायका मला सतत भेटतात. आपली मजुरी आधी लिहा, मग पाकीट निवडा.

दिवाळीचा फराळ आणि मसाले परदेशात पाठवायचे आहेत. लेबल तेच चालेल?

नातेवाइकाला घरचा डबा पाठवणं वेगळं आणि विकणं वेगळं. विक्रीसाठी आयात-निर्यात कोड लागतो, आणि अमेरिकेत माल विकायचा तर तिथल्या एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासनाकडे) उत्पादनाच्या जागेची नोंदणी लागते.

ॲलर्जीची यादी तिकडे वेगळी आहे. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा नववा मुख्य ॲलर्जीकारक घटक आहे. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये यादी १४ घटकांची, तिच्यात तीळ आणि मोहरी दोन्ही येतात. म्हणजे तिळाचा लाडू, चकलीतले तीळ, लोणच्यातली मोहरी, सगळं ठळकपणे सांगावं लागतं. कॅनडात लेबल इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत लागतं. मूळ लेबलवर हे सगळं कोंबू नका, परदेशासाठी मागचा वेगळा स्टिकर करा.

सरकारी मदत मिळते का?

सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० साली सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत यंत्रांना ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान होतं, आणि गटांनी एकत्र येऊन केलेल्या ब्रँडिंगला ५० टक्के. सध्या काय चालू आहे ते तालुका कृषी कार्यालयात विचारा. बचत गट असाल तर उमेद अभियानाच्या तालुका कक्षाकडेही जा, सरस प्रदर्शनांची वाट तिथूनच जाते.

शहरातला व्यापारी आमचा माल घेऊन स्वतःच्या नावाने विकतो म्हणतोय. द्यावा का?

पैसे लगेच हातात येतात, म्हणून मी सरसकट नाही म्हणत नाही. पण त्याच्या लेबलवर विकणाऱ्याबरोबर बनवणाऱ्याचंही नाव आणि पत्ता यायला हवा, हे लेखी घ्या. कृतीची मापं देऊ नका. आणि सगळा माल एकालाच देऊ नका, थोडा तरी स्वतःच्या नावाने बाजारात राहू द्या. मुंबईत गिरगावातल्या सात बायकांनी १९५९ साली ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, ती लिज्जत आजही त्या बायकांच्या संस्थेचीच आहे.

गटातल्या बायकांची नावं पाकिटावर घालावीत का?

ज्यांची इच्छा असेल त्यांची घाला, विचारल्याशिवाय नको. आमच्या एका गटात बॅच क्रमांकाच्या शिक्क्याशेजारी त्या दिवशी घाणा कुणी काढला तिच्या नावाचा छोटा रबरी शिक्का मारतात. शिक्का दीडशे रुपयांत झाला. आता प्रदर्शनात गिऱ्हाईक बाटली उलटी करून नाव वाचतं आणि स्टॉलवर विचारतं, ‘यातल्या सुनंदा कोण?’ मग सुनंदाकाकी पुढे येतात आणि आगळ किती घालायचं ते स्वतः सांगतात.